निवड न झाल्याबद्दल शाल

चुकीची कबुली द्यायची तर आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी घाईगडबड करणारा माणूस नाही. शिक्षण जेमतेम दहावी, पण बावीस वर्षं रोज वहीचं एक पान लिहीत आलोय. पाऊस किती पडला, कोणत्या रंगाची साडी चालली, कोणत्या भावकीत अबोला सुरू झाला, सगळं तारीखवार. अशा माणसाच्या हातून चूक होते तेव्हा ती साधी होत नाही. नीट विचार करून, समास सोडून, सुवाच्य अक्षरात होते. बसा, चहा येतोय. सांगतो.

तेलगावात माझं कापडाचं दुकान आहे. लोक मला आप्पा म्हणतात. काउंटरवर तीस वर्षं किसनमामा होते. मांडी घालून बसायचे आणि बसल्या जागेवरून फळीवरची साडी न बघता काढायचे. यंदा त्यांच्या गुडघ्यांनी नकार दिला आणि ते लेकीकडे लातूरला गेले. ऐन लग्नसराईत गादी रिकामी झाली.

त्यात सोमवारी चकलांब्याच्या एका मोठ्या घरचा बस्ता ठरलेला. बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी एकदम. नवरीपासून नवरदेवाच्या आत्याच्या जावेपर्यंत सगळ्यांचं एकाच बैठकीत. तीस-पस्तीस माणसं येतात आणि सगळी एकाच वेळी बोलतात. हा बस्ता नीट झाला तर सगळं गाव पाठोपाठ येतं. बिघडला तर त्या गावची एसटीसुद्धा आपल्या दुकानासमोर थांबत नाही. आणि मला साडी दाखवता येत नाही. मी गल्ला, माल आणि वही सांभाळणारा माणूस. हे मी कबूल करतो, पण तेव्हा कबूल करत नव्हतो.

मी व्हॉट्सॲपवर टाकलं, "काउंटरसाठी संयमी माणूस पाहिजे. गुरुवारी भेटावे." चौघांनी येतो म्हणून कळवलं, आणि मी वहीत उमेदवार पारखण्याची पद्धत लिहून काढली. ती अशी. माझी बायको मंगल तोंडाला स्कार्फ बांधून मागच्या दाराने जाणार, पुढच्या दाराने गिऱ्हाईक म्हणून येणार, चाळीस साड्या काढायला लावणार आणि शेवटी "जरा बघून येते" म्हणत काहीही न घेता उठणार. मी गल्ल्यावर पेपरमागे बसून गुण देणार.

"अहो, माणूस बघायचाय का सून?" मंगल म्हणाली.

"संयम बघायचाय."

"कुणाचा? चार वेळा चाळीस साड्या मला बघायच्यात."

गुरुवारी चार जण आले. पहिला अंबाजोगाईचा पदवीधर. पांढरा शर्ट, प्लास्टिकची फाइल. सातव्या साडीला तो म्हणाला, "मॅडम, तुमची नेमकी रिक्वायरमेंट काय आहे?"

"साडी," मंगल म्हणाली.

त्याने ते फाइलीवर लिहून घेतलं. विसाव्या साडीपासून तो मोबाइल बघायला लागला.

दुसरे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. माणूस गोड, पण सवय जाता जात नाही. दुकानात एकटी मंगल असताना ते म्हणाले, "ताई, थोडं पुढं सरका, मागच्यांना जागा द्या." मंगलने घाबरून मागे वळून पाहिलं. शेवटी ती उठली तेव्हा त्यांनी तिला शांतपणे समजावलं, "घ्यायचं नसंल तर चढायच्या आधी सांगत जा."

तिसरा बंडू. शेजारच्याच गावचा. त्याचे मामा, तात्या, म्हणजे त्या गावचं राजकारण. बंडूचं प्रत्येक वाक्य तात्यांपासून सुरू व्हायचं. "आमच्या तात्याकडं हीच साडी सगळ्यांनी घेतली." साडीची घडी मात्र त्याने अशी घातली की ट्रॉलीवरची ताडपत्री बरी.

चौथा दिगंबर. चाळिशीचा, सडपातळ. आठ वर्षं एका व्यापाऱ्याबरोबर कपड्यांचे गठ्ठे घेऊन आठवडी बाजार फिरतो. रोज नवं गाव, रोज नवं ऊन. "पोरगी यंदा दहावीला हाय, आप्पा," तो म्हणाला. "आता एका जाग्यावर बसावं वाटतंय. एवढंच."

त्याने एकेचाळीस साड्या काढल्या. एक उघडली की आधीची मिटत होता, आणि हे चालू असताना मंगलला माहेर कोणतं, उन्हाचा त्रास होतो का, हे विचारत होता. शेवटी मंगल म्हणाली, "जरा बघून येते."

"या की आक्का," दिगंबर म्हणाला. "ही जांभळी तेवढी बाजूला ठिवतो. तुमी तिला तीन बारी हात लावलाय."

मंगल दोन मिनिटं उभी राहिली. मग खाली बसली आणि ती जांभळी साडी घेतली. माझ्या दुकानात, माझ्या परीक्षेत, माझ्या बायकोने खरेदी केली. पेपरमागे मी वहीत लिहिलं: दिगंबर, साडेनऊ. अर्धा गुण कापला, कारण तो फार हळू बोलतो. बाकीचे सहा, पाच आणि साडेचार.

इथपर्यंत काही चुकलं का? नाही. आता पुढे ऐका.

तिघांना नाही म्हणायचं होतं. आणि आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. मुलगी पसंत नसली तरी लोक चहा-पोहे संपवून "पत्रिका जुळवून बघतो" म्हणतात. उन्हातान्हात माझ्या दारी आलेल्या माणसाला कोरड्या तोंडाने कसं वाटेला लावायचं? मला एक युक्ती सुचली. मागच्या निवडणुकीत एका पॅनलने विजयी मिरवणुकीसाठी साठ शाली सांगून ठेवल्या होत्या. पॅनल पडलं, शाली फळीवर राहिल्या. म्हटलं, तिघांना एकेक शाल घालू, मान राखू. माणूस शाल घेऊन गेला की नोकरीचं दुःख विसरतो.

तिघांचा मी रीतसर सत्कार केला. प्रत्येकाला शाल आणि दोन गोड शब्द. "तुमच्यासारखी माणसं या दुकानात आली, हे आमचं भाग्य." पदवीधराने वाकून नमस्कार केला. कंडक्टरांचे डोळे भरून आले. बंडू म्हणाला, "फोटो पायजे."

फोटो काढायला कोण होतं? दिगंबर. तो कोपऱ्यात उभा होता. मी तिघांचे मोबाइल त्याच्या हातात दिले.

"आप्पा, जरा डावीकडं व्हा, शालीवर उजेड येऊ द्या," असं सांगत त्याने तिघांचे छान फोटो काढले.

आणि दिगंबरला मी काय दिलं? काहीच नाही. आता तुम्ही कपाळाला हात लावाल, पण माझा हिशोब ऐका. मान कोणाचा करतात? पाहुण्याचा. जावयाला आपण पाटावर बसवतो आणि मुलाला सांगतो, जा रे, पाणी आण. दिगंबर मनातल्या मनात माझ्या घरचा झाला होता. घरच्या माणसाला शाल घालायची म्हणजे परकं करायचं. म्हणून तो दारापाशी रेंगाळला तेव्हा मी अगदी आपलेपणाने म्हणालो, "दिगंबरराव, तो शालींचा खोका तेवढा वर ठेवा आणि निघा. बस जाईल तुमची."

त्याने खोका वर ठेवला, चपला घातल्या, माझ्याकडे एकदा बघितलं आणि गेला. त्या दिवशी वहीत मी लिहिलं: दिगंबर, सांगितलेलं काम निमूट करतो.

"अहो, त्याला ठेवलंय म्हणून सांगितलं का?" मंगलने विचारलं.

"उद्या फोन करतो. आधी गुणांची बेरीज करतो."

"साडेनऊ आणि सहामधे कसली बेरीज?"

पण पद्धत म्हणजे पद्धत.

शुक्रवारी सकाळी नऊला मी दुकान उघडायला गेलो, तर पायरीवर कंडक्टर बसलेले. अंगावर शाल, मांडीवर डबा. "टायमावर आलोय," ते म्हणाले. त्यांच्यामागे पदवीधर, फाइलसह. "सर, रिपोर्टिंग कोणाकडे करायचं?" मी काही बोलणार एवढ्यात समोरच्या भिंतीवर माझी नजर गेली.

तिथे फ्लेक्स लागला होता. मधोमध बंडू, काळा चष्मा आणि माझी शाल. वर तात्या, हात जोडून. खाली अठरा शुभेच्छुक. मजकूर: "मॅनेजरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." आणि कोपऱ्यात मी, डोळे मिटलेला.

मॅनेजर हे पद माझ्या दुकानात नाही. मलाही ते कधी मिळालेलं नाही.

तेवढ्यात दोन जीपगाड्या येऊन थांबल्या. पहिलीतून तात्या उतरले, दुसरीतून शुभेच्छुक. मी तोंड उघडायच्या आत माझ्या डोक्यावर फेटा चढला, गळ्यात हार पडला.

"आप्पा, लई दिवसांनी कुणीतरी आमच्या पोराची पारख केली," तात्या म्हणाले. "आमी तर त्याला बैलाच्या भावात पण धरत नव्हतो."

"तात्या, त्यात जरा असं आहे की..."

"तुमी बसा. मोठेपणा घेऊ नका."

"नाही, पण शाल..."

"शाल बघितली की आमी. घरात खुंटीला लावून ठिवते म्हणली बहीण."

असं दहा मिनिटं चाललं. मी वाक्य सुरू करायचो, तात्या त्याचा सत्कार करायचे. शेवटी मंगल आतून आली. तिने फेट्यातल्या माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "तात्या, बंडूला ठेवलेलं नाही. या दोघांनाही नाही."

एक शुभेच्छुक हळूच जीपकडे सरकला.

"मंग शाल कावून घातली?" तात्यांनी मला विचारलं.

"वाईट वाटू नये म्हणून."

"म्हंजी निवड झाली न्हाई म्हणून सत्कार?"

"तसंच म्हणा."

तात्यांनी यावर बराच विचार केला. "आप्पा, मी तीन निवडणुका पडलो. मला कुणी रुमाल दिला न्हाई." मग त्यांच्या डोळ्यांत चमक आली. "बरं, ज्याला निवडलं त्याला काय दिलं?"

"काही नाही."

"काय म्हणलात त्याला?"

"निघा म्हणालो."

"फोटो तरी?"

"फोटो त्यानेच काढले."

तात्या पायरीवर बसले. पोट धरून हसले, मग डोळे पुसले. "अन् तुमाला वाटतंय त्येला कळलं?"

खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं. मी घाईने फोन लावला. दिगंबरच्या बायकोने उचलला.

"त्ये बाजाराला गेलेत," ती म्हणाली. "काल आले अन् जेवलेच न्हाईत. तिघांना शाली घातल्या, मला खोका उचलायला लावला, म्हणले. आज व्यापारी कायमचं बांधून घेतोय त्यांना. जालन्याकडच्या बाजारांचं काम हाय. पंधरा पंधरा दिवस घरी येणं व्हायचं न्हाई."

माझ्या हातातला फोन गरम झाला की माझा कान, ते कळलं नाही. माणूस एका जागी बसायला आला होता, आणि मी त्याला जालन्याला धाडत होतो. माझा सोमवारचा बस्ता तर गेलाच होता.

"चला," तात्या म्हणाले. "आता हा माझा विषय हाय."

"तात्या, तुमच्या भाच्याची तर..."

"भाच्याचं सोडा. त्येला साड्या इकायच्याच नव्हत्या. काय बे?"

"मोबाइलचं दुकान टाकायचंय," बंडू म्हणाला. तात्यांचं नाव न घेता त्याने बोललेलं हे पहिलं वाक्य.

पदवीधराने तेवढ्यात मला बाजूला घेतलं. "सर, सत्काराचं सर्टिफिकेट मिळेल का? बायोडेटाला जोडता येईल." मी ते लिहून दिलं. "यांची निवड न झाल्याबद्दल सत्कार करण्यात आला," असं. त्याने वाचलं आणि "न" तेवढा काढायला सांगितला. कंडक्टर म्हणाले, डबा आणलाच आहे तर दुपारपर्यंत बसतो.

पलीकडच्या गावच्या बाजारात आम्ही पोचलो तेव्हा दिगंबर पालाखाली उभा राहून एका म्हाताऱ्याला धोतरजोडी दाखवत होता. मी फेटा काढायला विसरलो होतो. दोन जीपगाड्या, अठरा माणसं आणि पुढे फेटेवाला. भाजीवाल्या बायका उठून उभ्या राहिल्या, त्यांना वाटलं प्रचार आला.

"दिगंबरराव," मी म्हणालो, "तुम्हालाच ठेवलंय हो मी. साडेनऊ गुण दिलेत."

दिगंबरने आधी धोतराची घडी घातली. "कवा?"

"काल."

"काल तर तुमी निघा म्हणलात."

"अहो, ते घरच्या माणसाला म्हणतात तसं म्हणालो."

"घरचा झालो हे मला कोण सांगणार हुतं, आप्पा?" तो नेहमीसारखंच हळू बोलत होता. "मी तीन शालींचे फोटो काढले. प्रत्येक फोटोला वाटलं, आता माझी बारी. मंग तुमी खोका दाखवला."

मी वहीतलं पान उघडून दाखवलं. त्याने ते नीट वाचलं. "निमूट काम करतो" या ओळीवर थांबला.

"निमूट नव्हतो. गिळत हुतो," तो म्हणाला.

मी म्हणालो, "चुकलो." बावीस वर्षांच्या वहीत हा शब्द नाही, नंतर शोधून पाहिला.

व्यापारी मध्ये पडला, त्याने शब्द घेतला होता. पण तात्यांसमोर शब्दाचं काय चालतं? ते त्याला घेऊन उसाच्या रसाच्या गाड्यावर गेले. दोन ग्लासांनंतर व्यापाऱ्याचा स्वतःचा मेहुणा जालन्याला जायला तयार झाला, आणि त्या मेहुण्याला हे अजून कळायचं होतं. दिगंबर म्हणाला, "आजचा बाजार उठला की येतो. अर्ध्यात कुणाला सोडत न्हाई मी." माझ्या मनात आलं, साडेनऊ कमीच पडले.

शनिवारी समोरच्या फ्लेक्सवर बंडूच्या तोंडावर दिगंबरचा फोटो चिकटवलेला होता. शाल तीच, चष्म्याची एक काडी कानाजवळ राहून गेली होती. तात्या वर तसेच, हात जोडून. त्यांचं काही वाया जात नाही.

आणि सोमवार उजाडला. चकलांब्याहून चौतीस माणसं उतरली. घरची कर्ती मुलं पैशाचं सगळं फोनवरच ठरवून चहाच्या टपरीवर गेली. दुकानात बायका आणि त्यांच्या मधोमध नवरीची आजी, लोडाला टेकून. दिगंबर गादीवर बसला. तासाभरात त्याला नवरीच्या तिन्ही काकूंची माहेरं पाठ झाली. कोणाला काठ मोठा लागतो, कोणाला जावेपेक्षा वरचं लागतं, हे त्याला न सांगता कळत होतं. आजी फक्त बघत होत्या.

मी शांत बसायचं होतं. पण आपणही दुकानाचे कोणीतरी आहोत, हे मला दाखवायचं होतं. मी उठलो, फळीवरून एक गठ्ठा काढला, तो चोळखणांचा निघाला. नऊवारीची घडी घालायला घेतली, ती माझ्या हातून सुटत सुटत दारापर्यंत गेली. एका काकूंनी भाव विचारला, मी शेजारच्या साडीचा सांगितला. तो सावरायला पुढे झालो आणि नवरीच्या शालूच्या पदरावर पाय दिला.

आजी लोडावरून सरळ झाल्या.

"ए बाबा," आजी म्हणाल्या, "तू कोण रं?"

माझ्या तोंडात "मालक" हा शब्द आला होता. पण विचार करा. ज्या दुकानाच्या मालकाला साडीचा भाव माहीत नाही आणि जो शालूवर उभा राहतो, तिथे कोणती आजी बस्ता करेल? मी दिगंबरकडे पाहिलं. त्याने मान वर केली नाही. माझ्या पायाखालून पदर अलगद ओढून घेत, हळू आवाजात तो म्हणाला, "नवीन हायत, आजी. शिकतेत."

आजींनी मला टाळूपासून टाचेपर्यंत न्याहाळलं. माझे हात बघितले. उभं राहणं बघितलं.

"ह्येला न्हाई जमायचं," त्या दिगंबरला म्हणाल्या. "माणूस गरीब दिसतोय, पण ठिऊ नको. हां, ती हिरवी उघड."

अर्धं मिनिट लागलं त्यांना. ना वही, ना पेपर, ना चाळीस साड्या. आणि तोंडावर सांगितलं.

दिगंबरने हिरवी उघडली. बस्ता झाला, सगळ्यांचा, आत्याच्या जावेसकट. मी तेवढा वेळ मागच्या खोलीत पाण्याचे ग्लास भरत होतो. आजींनी जाता जाता आत डोकावून पाहिलं आणि दिगंबरला म्हणाल्या, "हां, पाण्याला ठेव मग. पण आठ दिवस बघून."